जिंकणाऱ्या एडक्याची गिरकी

एका डोंगराच्या पायथ्याशी, बोरी-बाभळींच्या माळावर एक एडका राहत असे. अंगाने आडवा, मानेने जाड, शिंगांना दोन दोन वळणे. मुलांनो, एडके टकरी खेळतात. दोघे वीस-वीस पावले मागे सरतात, मान खाली घालतात, धावत येतात आणि कपाळावर कपाळ आपटतात. जो खाली बसला तो हरला. बसलेल्याला कोणी मारत नाही, पण बसण्यासारखी दुसरी लाज नाही. आपला एडका सात वर्षांत एकदाही बसला नव्हता.

टकरी भरवायचे काम कोल्ह्याकडे होते. तो स्वतः कधी खेळला नाही. उंच दगडावर बसून ओरडणे एवढेच त्याचे काम. ससे, माकडे, होले, सगळा माळ गोळा होई. टक्कर जिंकली की एडका जागच्या जागी गोल फिरे. एकदा, कधी दोनदा. पाय जरा वाकडे पडत. "बघा, पैलवानाची गिरकी!" असे कोल्हा ओरडे. ती गिरकी माळाला फार आवडली. कोकरे खेळताना गिरकी घेऊ लागली. माकडे तर फांदीवर घेत आणि खाली पडत. एडक्यालाही वाटू लागले, ही आपलीच ऐट.

त्याची बायको मेंढी. तिचा नवऱ्यावर फार जीव. एका सकाळी एडका उठला आणि त्याने तशीच गिरकी घेतली. समोर ना टक्कर, ना कोल्हा.

"अहो, हे कोणाला दाखवताय?" मेंढीने विचारले.

"कोणाला नाही. जमीन हलली जरा."

"जमीन कुठे हलली? मी उभी आहे की त्याच जमिनीवर."

त्या दिवसापासून मेंढी लक्ष ठेवू लागली. तो ओढ्याकडे निघे आणि टेकाडाकडे पोचे. आपली धाकटी लेक कोणती, हे त्याने एकदा हळूच विचारले. कधी आवाज न चढवणारा एडका गवताच्या काडीवरून तिच्या अंगावर ओरडला, आणि दुपारी ते विसरूनही गेला. टकरीनंतर हे सारे वाढे, आठ दिवसांनी थोडे उतरे. मेंढीला कळले. ही ऐट नव्हे, घेरी आहे.

तेवढ्यात कोल्ह्याने पुकारले, "पुढच्या टकरीला डोंगरापलीकडचा काळा एडका येतोय!"

मेंढी तडक दगडापाशी गेली. "भाऊजी, ही टक्कर नको. त्यांना घेरी येते."

"वहिनी, तुम्ही फार काळजी करता," कोल्हा हसला. "तो सुतारपक्षी बघा. दिवसभर डोकं आपटतो. त्याला काही होतं का?"

वरच्या खोडावरून सुतारपक्षी म्हणाला, "मला यात ओढू नकोस. मी किड्यांसाठी चोच मारतो, आणि माझं डोकं त्यासाठीच घडलंय. शिवाय समोरून लाकूड धावत येत नाही."

ही गोष्ट एडक्याच्या कानावर गेली. तो भडकला. "माझ्या नावाने रडत गेलीस? सात वर्षांची अब्रू घालवलीस!"

"बरं. खेळा," मेंढी म्हणाली. "पण आधी माझ्याबरोबर ओढ्यापलीकडे चला. एवढं एक ऐका."

ओढ्यापलीकडे एक तांबडा एडका होता. आपल्या एडक्याने त्याला नऊ वेळा बसवले होते. दोन वर्षांत तो कोणाला दिसला नव्हता. करंजाखाली उभा होता. शिंगात काटेरी डहाळी अडकलेली, त्याचे भान नाही. जवळ त्याची म्हातारी बहीण त्याच्यासाठी कोवळा पाला ओढून काढत होती.

"या, या," तांबडा म्हणाला. "ओढ्याला पाणी आहे का?"

"आहे," एडका म्हणाला. "मला ओळखलंस का?"

"या, या. ओढ्याला पाणी आहे का?"

चार वेळा त्याने तेच विचारले. चारही वेळा गोड हसून. एडक्याने त्याच्या शिंगातली डहाळी दातांनी काढली. मग खालच्या आवाजात तो म्हणाला, "हरला, त्याचं मनाला लावून घेतलं बिचाऱ्याने."

बहिणीने पाला खाली ठेवला. "हरला म्हणून नाही हो दादा. कपाळ आपटलं म्हणून. जिंकताना तुमचं कपाळ काय तुम्ही घरी ठेवून येत होता?"

परत येताना एडक्याने दोनदा मागे वळून करंजाकडे बघितले. अशा वेळी काही विचारू नये, हे मेंढीला कळत होते.

टकरीच्या दिवशी तो उठला आणि मैदानाकडे चालू लागला. मेंढीचा धीर सुटला. "अहो, जाताय?"

"जाणार. घरी राहिलो तर पळाला म्हणतील."

ती त्याच्यामागे गेली. आपला नवरा उद्या आपल्यालाही 'या, या' म्हणेल, एवढेच तिच्या मनात होते. पण माघारी कशी फिरणार?

मैदान गच्च भरले होते. काळा एडका तरणा होता. खुराने माती उडवत होता. दोघे वीस पावले मागे सरले. "हाणा!" कोल्हा ओरडला. काळा मान खाली घालून सुटला. जमीन दणदणली.

आणि आपला एडका खाली बसला.

काळ्याने चारी खूर रोवले. धुळीचा लोट उठला. तो वीतभर अंतरावर थांबला. मग माकडांनी हुर्यो केली. ससे हसले.

"पैलवान, उठा!" कोल्हा किंचाळला. "माळाची लाज गेली!"

"तू खाली ये," एडका म्हणाला. "तुझं कपाळ लाव याच्या कपाळाला. मग मी उठतो."

कोल्हा आभाळाकडे बघू लागला.

एडक्याने काळ्याला विचारले, "पोरा, टकरी किती झाल्या तुझ्या?"

"अकरा. अकराही जिंकल्या."

"सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का?"

काळा इकडे तिकडे बघू लागला. "पैलवानाला असलं विचारतात का?"

"मला कोणी विचारलं नाही, म्हणून तुला विचारतो."

काळ्याने खूर मातीत घासला. लोक ओरडत होते. मग तो पुटपुटला, "दुखतं. उजेड सोसत नाही." आणि तोही खाली बसला.

दोघे समोरासमोर बसलेले. हरला कोण, ते कोल्ह्याला सांगता येईना. मेंढी गर्दीतून वाट काढत आली आणि नवऱ्याला टेकून बसली. "शिंग लागतंय तुमचं," ती म्हणाली. त्याने मान वळवून घेतली.

मुलांनो, नंतर एडका बरा झाला, असे मी सांगणार नाही. जे गेले ते परत आले नाही. घेरी कमी झाली, पण वाट तो अधूनमधून चुकेच. त्या माळावरच्या टकरीही एका दिवसात बंद झाल्या नाहीत. पण टकरीआधी खेळणाऱ्याला 'डोकं दुखतं का' हे विचारायची रीत पडली, आणि 'दुखतं' म्हणणाऱ्याला कोणी हसेनासे झाले.

मेंढीला तो शेवटपर्यंत ओळखत होता. एखाद्या सकाळी थोडा वेळ लागे. तो तिच्याकडे बघत राही. तीही समोर उभी राही, घाई करत नसे. त्याला आठवले, की मगच दोघे चरायला निघत.

तात्पर्य : टक्कर कोणीही जिंको, मार दोन्ही कपाळांना सारखाच बसतो. ओरडणाऱ्यांचे डोके दुखत नाही. म्हणून आपले दुखले तर सांगावे, आणि वेळेवर खाली बसावे. त्यात लाज नाही.