कोंडिबाचा सूर

पांघरूण ओढू नका. दोघांना पुरेल एवढं आहे. गप्प पडा आणि ऐका. मी एकदाच सांगतो.

एक होतं शहर. झांजपूर त्याचं नाव. तिथल्या बाजारात गल्लीगल्लीला एक ओटा. ओट्यावर वाजवणारे बसायचे. वाजवणं खरं असलं तर दुकानातला माल जागा व्हायचा, बरं का. तांबट आळीत हंडे घुमायचे. कासार गल्लीत बांगड्या आपोआप किणकिणायच्या. अत्तर गल्लीत बाटल्यांची बुचं उडायची. मग लोक खरेदीला यायचे.

त्या शहरात दोन भाऊ आले. थोरला राणू, धाकटा कोंडिबा. राणू सनई वाजवायचा. कोंडिबा मागं बसून सूर धरायचा. त्याच्याही हातात सनईच, पण तिच्यातून एकच सूर. नाकानं श्वास घ्यायचा, गालात वारा साठवायचा, सूर तुटू द्यायचा नाही. वीस वर्षं तेच. शाबासकी सगळी राणूला. राणू म्हणायचा, "कोंड्या, तू वाजवतोस कुठं? चूल फुंकतोस."

कोंडिबा हसायचा.

पहिल्या दिवशी दोघं तिन्ही ओट्यांवर वाजवून आले. हंडे घुमले, बांगड्या किणकिणल्या, बुचं उडाली. राणूची मान ताठ झाली. मग त्याला एक दुकान दिसलं. दारात चांदीची सनई टांगलेली. आत गोदाक्का बसलेली, म्हातारी.

राणू म्हणाला, "ही सनई केवढ्याला?"

"इथं पैसा चालत नाही, बाबा. एक आवाज दे आणि घेऊन जा."

राणूनं विचार केला. आपला आवाज दिला तर वाजवणार काय? त्यानं मागं बघितलं. मागं कोंडिबा उभा होता.

"याचा घे. याला एकच सूर येतो."

कोंडिबा म्हणाला, "दादा, अरे, विचार कर."

"तुला काय कळतं?"

थोरल्यापुढं बोलायची त्या घरात रीत नव्हती. कोंडिबानं मान खाली घातली. गोदाक्कानं त्याच्या गळ्यावर हात ठेवला, सूर काढला, मडक्यात घातला आणि वर फडकं बांधलं. कोंडिबानं तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

मग राणू चांदीची सनई घेऊन तांबट आळीत गेला. वाजवली. हंडे मुके राहिले. मग कासार गल्लीत गेला. वाजवली. बांगड्या तडकल्या. कासारीण म्हणाली, "ऊठ रे मेल्या, दुकान बुडवशील." मग अत्तर गल्लीत गेला. वाजवली. बाटल्यांतलं अत्तर नासलं, लोक नाकाला पदर लावून पळाले.

राणूला घाम फुटला. बोटं तीच होती. गाणं तेच होतं. पण गाण्यानं परत यायचं कुठं, ते त्याला सापडेना. मागं सूर नव्हता ना. वीस वर्षं तो ज्यावर उभा होता, तेच त्यानं देऊन टाकलं होतं.

कोंडिबा जवळच उभा होता. रागावला नाही. त्यानं आपल्या उपरण्यानं दादाचा घाम पुसला. तेव्हा राणू रडला. रस्त्यात, सगळ्यांसमोर.

मग तो गोदाक्काकडं गेला. "तुझी सनई घे. माझ्या भावाचा सूर दे."

"वस्तू मी परत घेत नाही. आवाज हवा तर आवाज दे."

या वेळी राणूनं मागं बघितलं नाही. स्वतःचा गळा पुढं केला.

कोंडिबाला सूर मिळाला. राणू मुका झाला. चांदीची सनई त्यानं तिथंच उंबऱ्यावर ठेवली.

काय म्हणतोस? गोदाक्काला दया आली का? नाही आली. ती दुकानदार होती.

दुसऱ्या दिवशी दोघं तांबट आळीच्या ओट्यावर बसले. कोंडिबानं सूर धरला. लोक थांबले. एक जण म्हणाला, "आणि गाणं कुठाय?" गाणं नव्हतं. लोक निघून गेले. हंडे घुमले नाहीत.

मग राणूनं आपली जुनी लाकडी सनई ओठाला लावली. आवाज नाहीच. नुसती बोटं हलली. पण कोंडिबानं वीस वर्षं मागं बसून तीच बोटं बघितली होती. बोटांवरून त्यानं ओळखलं, बापानं शिकवलेलं पहिलं गाणं आहे. त्याला ते सगळं ऐकू आलं. त्याच्या एकट्याला. त्याचे डोळे वाहत होते, पण त्यानं सूर तुटू दिला नाही.

पुढं कोणी त्यांना वाजवायला बोलावलं नाही. दोघांनी त्याच आळीत हंडे घासायचं काम धरलं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे. एक सूर धरायचा, दुसरा बोटं हलवायचा. एका ताटात जेवले. म्हातारे झाले. राणूनं कोंडिबाला पुन्हा कधी मागं बसू दिलं नाही, शेजारी बसवलं. सुखात राहिले म्हणायचं असेल तर म्हणा.

झाली गोष्ट. दिवा मालवतो. थोरल्या, पांघरूण सोड, त्याचे पाय उघडे आहेत. झोपा.