नंदी आणि लोखंडी वेटोळं

फार पूर्वी एका माळावरचं देऊळ पडलं. लोकांनी देव गावात नेला आणि दगडी नंदी तिथेच राहिला. माळावर चिटपाखरूही फिरकत नसे, तरी रिकाम्या गाभाऱ्याकडे बघत नंदी स्वतःला देवळाचा मालक समजायचा.

एके दिवशी शलाका नावाची शिल्पकार आली. माळ पुन्हा जागता व्हावा म्हणून तिने गाभाऱ्यात लोखंडी पट्ट्यांचं वेटोळं उभं केलं.

“हे काय ध्यान?” नंदी म्हणाला. “ना तोंड, ना पाय. हे बघायला कोण येणार?”

“तुम्हाला बघायला कोण येतं, आजोबा?” वेटोळ्याने नम्रपणे विचारलं.

नंदीने ऐकूच आलं नाही असं दाखवलं. त्याचा एक कान तुटलेला होताच.

लोक मात्र आले. पाऊलवाट मळली, गावातल्या धोंडाबाईने चहाची टपरी टाकली. नंदी वेटोळं गंजायची वाट बघत बसला. ते गंजलं, तर लोकांना आणखीच आवडलं.

मग एकदा धोंडाबाईने सवयीने नंदीच्या पाठीवर हात ठेवला, वाकून त्याच्या शिंगांमधून गाभाऱ्यात पाहिलं आणि हात जोडले. देवाचं दर्शन असंच नंदीच्या शिंगांमधून घ्यायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिच्यामागे रांग लागली.

नंदी ओशाळला. म्हणजे आपण मालक नव्हतोच, खिडकी होतो. आणि खिडकी असून एवढा तोरा.

“आजोबा,” वेटोळं कुजबुजलं, “मी देव नाही. सांगू का त्यांना?”

“गप उभं राहा,” नंदी म्हणाला. “मी तरी कुठे खरा बैल आहे?”