धोंडेगडचा राखीव खड्डा

धोंडेगडच्या चाळीस गाड्या रत्नपुरात विकायला गेल्या आणि चाळीसच्या चाळीस परत आल्या! वर रत्नपूरकरांचा निरोप, "गाड्या दणकट आहेत. यात बसणारे हत्ती कधी पाठवताय?"

राजे रणधवल लालबुंद झाले. त्यांनी गाडीखान्याच्या मुख्य सुतारणीला, भिवराला बोलावलं.

"दोन महिन्यांत रत्नपुरात आपला कारखाना उभा राहिला पाहिजे! तिथले दिवाण आपल्या गाडीत बसले पाहिजेत. नाहीतर गाडीखान्याला कुलूप!"

"म्हणजे साठ घरांच्या चुलींना कुलूप, महाराज."

"ते तू बघ!"

भिवरा एक गाडी जुंपून रत्नपूर बघायला निघाली. राजावर चिडली होतीच, पण त्याहून जास्त स्वतःवर. रत्नपूरकरांना भुरळ पडावी म्हणून त्या चाळीस गाड्यांवर तिनंच हौसेनं मोर रंगवले होते. आता मोरांचे पाय कोंबडीचे झाले, त्याला कोण काय करणार!

रत्नपूरचे रस्ते आरशासारखे. तिच्या गाडीला खडखडायलासुद्धा काही मिळेना. "इथं आपलं काय काम रे?" ती बैलांना म्हणाली आणि पलीकडच्या वेशीतून बाहेर पडली. वेशीशी फरसबंदी संपली, आणि पहिल्याच खड्ड्यात एक बग्गी आडवी झालेली! रेशमी गादी, सोनेरी दारं, आणि चाकं जोडणारा आस मधोमध मोडलेला. शेजारी एक म्हातारा कपाळाला हात लावून बसला होता. बग्गीच्या दारावर नाव होतं, 'अमृतशेठ बग्गीवाले, सात पिढ्या'.

"शेठ, नेहमी मोडते का हो?"

"गावात कधीच नाही! गावाबाहेर रोज. सात राज्यांशी आमच्या लोकांचा व्यापार, आणि सातही राज्यांत हे असले रस्ते. लोक माझी बग्गी घेईनासे झालेत, बाई. कारखाना बंद पडायला आलाय. तुमच्याकडं कसे आहेत रस्ते?"

"याहून वाईट!" भिवरा ताठ मानेनं म्हणाली. खड्ड्यांचा अभिमान तिला जन्मात पहिल्यांदाच वाटला. "आमच्याकडं नवरदेव मांडवात पोचेपर्यंत बाशिंग पाठीवर गेलेलं असतं. पण गाडी? गाडी मोडत नाही!"

तिनं ती रेशमी गादी उचलली आणि आपल्या गाडीवर टाकली. "बसा."

गाडी खड्ड्यात गेली, वर आली. शेठचं पागोटं तेवढं डोळ्यांवर आलं. आस जागच्या जागी!

"भागीदारी करू, शेठ," भिवरा म्हणाली. "गादी तुमची, नाव तुमचं, पाटी तुमची. आस न् चाकं आमची. तुमचा एकही कारागीर घरी जायचा नाही."

"आणि तुम्हाला काय?"

"निम्मा कारखाना. शिवाय तुमच्या चिताऱ्यानं आम्हाला मोराचे पाय शिकवायचे."

दोन महिन्यांनी राजे स्वतः पाहणीला आले. भागीदारीचा नवा कारखाना बरोबर फरसबंदी संपते तिथं, वेशीला लागून उभा! त्यांच्यासमोरच रत्नपूरच्या दिवाणांची नवी बग्गी वेशीतून निघाली, खड्ड्यात दणकली आणि दिमाखात पुढं गेली. राजे खूश झाले. मग त्यांनी पाटी वाचली.

"भिवरा! धोंडेगडचं नाव कुठाय? कारखाना आपला आणि पाटी त्याची?"

"महाराज, आपलं नाव लावलं होतं तेव्हा गाड्या परत आल्या. यांचं लावलं, तर गिऱ्हाइकं परत येतायत!"

राजांच्या मिशा थरथरल्या. आणि राजे खो-खो हसत सुटले!

"शाब्बास! गाडीखाना आजपासून तुझा, साठही घरांसकट. आणि वर बक्षीस म्हणून तुझ्या दारापुढचा रस्ता गुळगुळीत करून देतो!"

"घात करू नका, महाराज!" भिवरानं हात जोडले. "नवी गाडी मी त्याच खड्ड्यांतून काढते. तिथं टिकली की सात राज्यांत टिकते. रस्ता सपाट केलात तर आमच्याकडं आहेच काय दुसरं?"

राजे इतके हसले, की भालदाराला त्यांच्या डोक्यावरचा मंदील झेलावा लागला. भिवराच्या दारापुढच्या सगळ्यांत मोठ्या खड्ड्याला त्यांनी दगडी कठडा बांधून दिला आणि वर हुकूम कोरला, 'हा खड्डा सरकारी आहे. कुणी बुजवू नये!'

धोंडेगडात तंतोतंत पाळला गेलेला तो पहिलाच सरकारी हुकूम!