सात हातांच्या भिंतीवर लाख माड

“भिंत सात हातांची, माझे माड एक लाख, आणि छपराला धक्का लागता कामा नये!” एवढं बजावून कनकगडचा राजा उदयभान जेवायला निघून गेला, आणि भिकाजी चिताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

राजाला माड लावायचं भारी वेड. आता त्याला दरबाराच्या भिंतीवर राज्यातल्या साऱ्यांचे माड रंगवून हवे होते. एका नावावर एकच झाड, पण ज्याचे माड जास्त त्याचं झाड उंच. माप सगळ्यांना एकच. आणि कुणीही, अगदी कुणीही, सुटायचं नाही! आठ दिवसांत जमलं नाही, तर रंगाच्या करवंट्या खाडीत आणि चितारी बायकामुलांसकट वेशीबाहेर.

भिकाजीने घरी येऊन कपाळाला हात लावला. “आवडे, आपल्या शेजारच्या पारूआजीचा एकच माड. तो बोटभर काढला तर महाराजांचा लाख बोटं होतो, छप्पर फोडून ढगात जातो! महाराजांचा भिंतीत बसवला तर आजीचा मुंगीलाही दिसायचा नाही. बांध बाय आता भांडीकुंडी.”

त्याची लेक आवडी रंग घोटत बसली होती. वय सतरा, जीभ मात्र सत्तरीची. बापाचा चेहरा बघूनही तिने घोटणं काही थांबवलं नाही.

“बाबा, भिंतीच्या प्रत्येक हाताला सारखेच माड मोजायचे, असं महाराज म्हणाले?”

“नाही गो. माप एक हवं, एवढंच म्हणाले.”

“मग प्रत्येक हाताला सारखी पट मोजूया! माड दहापट झाले की झाड हातभर वर. भांडी राहू द्या तिथेच, चुना कालवा!”

आठव्या दिवशी राजाने भिंत बघितली आणि त्याच्या मिशा थरथरायला लागल्या. पारूआजीच्या एका माडाचा जमिनीलगत नुसता कोंब. दहा माडवाल्याचं झाड एक हात, शंभरवाल्याचं दोन, हजारवाल्याचं तीन. सेनापतीचे दहा हजार माड, त्याचं चार हात. आणि खुद्द महाराजांचं? पाच हात!

“सेनापतीपेक्षा माझे नव्वद हजार माड जास्त,” राजा गरजला, “आणि मी त्याच्याहून फक्त हातभर उंच?”

भिकाजी हळूच लेकीच्या पाठीमागे सरकला.

“तो हात साधासुधा नाही, महाराज!” आवडी म्हणाली. “आजीला हातभर वर यायला आणखी नऊ माड पुरतात. सेनापतींना नव्वद हजार लावावे लागतील. आणि तुम्हाला हातभर वाढायचं असेल, तर नऊ लाख लावा! वर दोन हात भिंत मोकळी ठेवलीय. महाराजांनी फक्त मनावर घ्यायचं!”

राजाला हसू फुटत होतं, ते त्याने कसंबसं मिशीतच दाबलं. पण दिवाण रंगोपंतांना कुठलं राहवतंय? ते पुढे सरसावले. “खालच्या वाडीत एका माडाचे दहा भाऊबंद वाटेकरी आहेत. एकेकाचा दहावा हिस्सा. ते कुठे दिसत नाहीत ते!”

“आहेत की! वाका जरा, पंत.”

पोट सांभाळत पंत वाकले. आवडीने भिंतीच्या पायथ्याशी हातभर खोल चर खणला होता, आणि त्याच्या तळाशी दहाही वाटेकरी ओळीने रंगवले होते. “दहापट झालं की हातभर वर,” ती म्हणाली, “दहावा हिस्सा उरला की हातभर खाली. माप तेच.”

पंत धापा टाकत सरळ झाले, पण स्वारी खुशीत होती. “आणि माझं नाव? अख्ख्या राज्यात एकही माड नसलेला मी एकटाच! अर्धा नाही, पाव नाही, काहीच नाही! महाराज, मी सुटलो. अट मोडली!”

भिकाजीने डोळे मिटून घेतले. आवडीने मात्र कोपऱ्यातली कुदळ उचलून थेट पंतांच्या हातात दिली.

“तुमची जागा खालच्याच बाजूला आहे, पंत. दहावा हिस्सा एक हात खाली, शंभरावा दोन हात, हजारावा तीन. अजून काहीतरी उरतंच बघा! काहीच उरत नाही तिथपर्यंत खणत जा. तळ लागला की हाक मारा, मी उतरून तुमचं नाव रंगवते!”

“अगं, पण तळ लागणार कधी?”

“कधीच नाही! पाताळ ओलांडलं तरी नाही. एवढा घाम गाळायचा नसेल, तर संध्याकाळच्या आत एक नारळ रुजवा. तेवढ्याने थेट जमिनीवर याल!”

आता मात्र राजाला मिशी पुरेना. तो गडगडाटी हसला, इतका की डोळ्यांतून पाणी आलं. “पंत, कुदळ हातात आहेच, आता नारळही घ्या आणि चला मागच्या अंगणात! आणि पोरी, तू माग काय हवं ते.”

“नऊ माड द्या, महाराज.”

“नऊच?”

“एक आमच्या दारात आहे. दहा झाले की बाबांचं झाड हातभर वर येईल.”

“नऊ नकोत, नव्याण्णव घे!” राजा म्हणाला. “आणि भिकाजी, आजपासून दरबारचा चितारी तूच, जन्मभर!”

त्या संध्याकाळी भिकाजीचं झाड भिंतीवर चांगलं दोन हात उंच झालं. आणि त्याच्या शेजारी, अगदी जमिनीलगत, एक नवा कोंब उगवला. वर नाव होतं, दिवाण रंगोपंत!