ओट्याचा दगड

काळ्या दगडाच्या खाणीला लागून एक गाव होते. तिथे एक पाथरवट आपल्या म्हाताऱ्या आईसोबत राहत असे. हात चांगला होता त्याचा, पण हातापेक्षा जीभ जास्त चालायची.

त्या गावाची एक रीत होती. नवा दगड बसवण्याआधी घरच्यांसमोर त्यावर हातोडीने ठोकायचे. खणखणीत वाजला तर दगड चांगला, बद्द वाजला तर आतून चिरलेला.

धर्मशाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईने त्याच्याकडून नवा ओटा करून घेतला. दगड चिरलेला होता. पाथरवटाने लाख आणि दगडाची भुकटी भरून चीर बुजवली आणि म्हणाला, "आज अमावस्या. आज दगडाला ठोकत नाहीत." असला नियम कुणी कधी ऐकला नव्हता, पण कारागिराशी वाद कोण घालणार?

आठ दिवसांत चुलीच्या धगीने लाख वितळली आणि चीर उघडी पडली. बाई पाथरवटाच्या दारात आली आणि "दादा, अहो दादा" अशी हाक मारू लागली. तो आत भाकरी खात होता. त्याने आईला खूण केली.

"तो घरी नाही, बाई," आई म्हणाली.

बाई पुन्हा आली, तिसऱ्यांदा आली. चौथ्यांदा म्हणाली, "आजी, आता चिरेत नख जातं. वर मोठं पातेलं उकळत असतं. मला भीती वाटते हो."

म्हातारीला लाज वाटली. "जाऊन ये रे एकदा," ती मुलाला म्हणाली.

"जाईन की. दगड काय पळून जातोय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी स्वतःच हातोडी घेऊन धर्मशाळेत गेली. ओट्याला हलकेच ठोकले. आवाज बद्द आला. "आधी ते पातेलं उतरव," ती म्हणाली, तेवढ्यात ओटा मधोमध खचला आणि उकळते पाणी तिच्या अंगावर आले.

"माझ्या मुलाला बोलव," एवढेच ती म्हणत होती. बाई धावत सुटली. "दादा, अहो दादा" ही रोजची हाक ऐकताच पाथरवट मागच्या दाराने सटकला आणि दिवसभर खाणीत बसून राहिला.

संध्याकाळी परतला तेव्हा अंगणात माणसे जमली होती. आई गेली होती.

"शेवटी काही बोलली का?" त्याने विचारले.

बाई म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, मुलगा घरी नाही. तर म्हणाल्या, घरीच असेल गं. रोज घरीच असतो."

तात्पर्य एवढेच: आपल्या कामात खोट राहिली असेल तर दारात आलेल्या हाकेला ओ द्यावी. ती हाक कुणाच्या जिवासाठी आहे, हे लपून बसलेल्याला कळत नाही.