उजवा डोळा

"चाळीस फोटो काढले, मास्तर. मग एकातही आई का दिसत नाही?"

शाल्मलीने कॅमेरा पुढे केला. पुण्यात तिच्या व्यक्तिचित्रांना पारितोषिके मिळत; आज मात्र एकही फोटो तिला पटत नव्हता. आतल्या खोलीत तिची आई, सुमतीबाई, उशांच्या आधाराने खुर्चीत बसली होती. डॉक्टरांनी दोन दिवसांची मुदत सांगितली होती.

ही विद्या तिला ज्यांनी शिकवली, त्या कामतमास्तरांनी ओसरीवर उभ्यानेच फोटो पाहिले.

"डावा डोळा लख्ख. उजवा धुक्यात."

"लेन्स एक पॉइंट दोनची आहे, मास्तर; फोकस केसाएवढा पातळ. आई जरा तिरपी बसलीय, एकच डोळा स्पष्ट येणार. कुठला, ते ऑटोफोकस ठरवतो. आणि तो चुकत नाही."

"डावा डोळा काचेचा आहे, शाल्मली."

बालपणापासून ठाऊक असलेली गोष्ट चाळीस वेळा तिच्या नजरेतून निसटली होती.

"अगो, आटपा आता!" आतून सुमतीबाईंचा क्षीण आवाज आला. "माझ्या लग्नातसुद्धा फोटोवाल्यानं एवढा वेळ खाल्ला नव्हता."

मास्तर तिच्याबरोबर आत आले. तिने कॅमेरा तिवईवर चढवला. त्यांनी ऑटोफोकस बंद केला, तिची बोटे लेन्सभोवतीच्या फोकसच्या कडीवर ठेवली.

"यंत्राला खूप विचारलंस. आता तू शोध."

आणि ते बाहेर गेले.

शाल्मलीने कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे दृश्य दहापट मोठे केले आणि कडी फिरवू लागली. पदराचा काठ उमटला, विरला. ओठ आले, गेले... मग उजवा डोळा स्वच्छ झाला. त्यात खिडकी होती. तिवई होती. वाकलेली ती स्वतः होती. आणि तिच्या खांद्यामागे कुणीतरी उभे होते.

"मास्तर, जरा बाजूला व्हा ना. तुमचं प्रतिबिंब पडतंय."

"मी ओसरीवर आहे."

आवाज खरोखरच ओसरीवरून आला.

डोळ्यातली ती आकृती किंचित पुढे झुकली... आणि तीन आठवडे न हसलेल्या सुमतीबाई, फार दिवसांनी कुणी भेटावे तशा, हसल्या.

शाल्मलीची मान मागे वळू लागली.

ओसरीवरून मास्तरांना भिंतीखेरीज काहीही दिसत नव्हते. ते शांतपणे म्हणाले,

"वळू नकोस. ती हसते आहे, तोवर टिपून घे."