तुळाजीरावांची सागवानी पाटी

रानात सांबरांचे कळप होते आणि माणसांना त्यांची बोली कळायची, तेव्हाची ही गोष्ट. एका मोठ्या सांबराच्या शिंगांवर तुळाजीराव शिकाऱ्यांचा डोळा होता. मुंडकं टांगायला त्यांनी दिवाणखान्यात सागवानी पाटी ठोकून तिच्यावर स्वतःचं नावही कोरून घेतलं होतं. दिवाळीत सांबर दोनदा टप्प्यात आलं, पण "अजून भरू देत शिंगं," म्हणत त्यांनी बंदूक खाली घेतली.

होळी झाली तसे ते पाहुण्यांना घेऊन डोंगर चढले. पाणवठ्यावर एक बिनशिंगाचं सांबर उभं होतं.

"काय रे भुंड्या, तो मोठ्या शिंगांचा कुठं दिसला का?"

 पळालं तर गोळी येणार, म्हणून सांबर जागचं हललं नाही.

"पहाटे त्या हिरड्याखाली होता, सरकार."

"आणि तू कोण?"

"मी कसला! भिंतीवर शोभेन का मी?"

पाहुणे खो खो हसत तिथंच टेकले आणि तुळाजीराव एकटेच पुढे गेले. हिरड्याखाली मात्र नुसती शिंगंच पडली होती. दर उन्हाळ्यात झडतात, तशीच झडलेली. तुळाजीरावांनी ती गुपचूप उचलली, पाटीवर ठोकली आणि शिकारीची बढाई मारायला मोकळे झाले.

पुढच्या दिवाळीत तेच पाहुणे जमले, तीच बढाई रंगली. तेवढ्यात समोरच्या कड्यावर पाणवठ्यावरचं ते सांबर येऊन उभं राहिलं. डोक्यावर शिंगं होती, भिंतीवरच्यांपेक्षा हातभर मोठी.

"थांबा हं सरकार," ते वरून ओरडलं, "अजून भरायचीत!"